आधी गावाची रेघ, मग यंत्राची खूण

एखाद्या माळरानावर सौर वीजप्रकल्प उभा राहतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात त्या निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या दूरवर पसरलेल्या रांगा. त्या रांगा उभ्या राहण्यापूर्वी त्या जमिनीवर किती काम झालेले असते, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. प्रत्येक पट्टीचा भार पेलणारा लोखंडी खांब नेमका कोठे रोवायचा, हे आधी कागदावर ठरते आणि मग ती जागा जमिनीवर खूण करून दाखवावी लागते. शंभर मेगावॉटच्या एका प्रकल्पात अशा खांबांची संख्या अनेक हजारांच्या घरात जाते. एक खांब चार बोटे सरकला, तरी त्यावरची चौकट नीट बसत नाही आणि सूर्याच्या गतीबरोबर फिरणारी चौकट असेल, तर सगळी रांगच अडून बसते. आजवर हे आखणीचे काम उन्हातान्हात राबणारी मोजणीदारांची पथके करीत आली. आता अमेरिकेसारख्या देशांत ते काम चाकांवर चालणारे यंत्रमानव करू लागले आहेत.

या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. चार चाकांची, विजेरीवर चालणारी ही एक लहानशी गाडी असते. प्रकल्पाच्या आराखड्यातील सर्व बिंदूंची यादी तिच्या संगणकात भरली जाते. आकाशातील उपग्रहांचे संकेत घेऊन ती आपले स्थान ओळखते. केवळ उपग्रहावर विसंबले, तर काही मीटरांची चूक होऊ शकते. म्हणून ज्याचे स्थान आधीच अचूक ठाऊक आहे अशा एका ठिकाणी स्थिर संकेतग्राहक बसवतात. उपग्रहाच्या संकेतात त्या क्षणी किती चूक आहे हे तो मोजतो आणि ती दुरुस्ती गाडीकडे सतत पाठवीत राहतो. त्यामुळे चूक दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत खाली येते. मग ही गाडी एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जात रंगाचा ठिपका टाकीत पुढे सरकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्ह रोबोटिक्स या कंपनीने असे आखणीयंत्र सौर प्रकल्पांच्या कामाला लावले आहे. त्याच शहरातील बिल्ट रोबोटिक्सने २०२३ मध्ये आखणी करून खांब ठोकण्यापर्यंतची कामे एकत्र करणारे यंत्र जाहीर केले, तर २०२४ मध्ये एईएस या वीज कंपनीने पट्ट्या उचलून चौकटीवर बसवणारे मॅक्सिमो नावाचे यंत्र पुढे आणले. म्हणजे मोजण्यापासून उभारण्यापर्यंतची सारी साखळी हळूहळू यंत्राच्या हाती जात आहे.

भारतात आज प्रकल्पांच्या जागेची पाहणी ड्रोनने होते आणि आखणी बहुतांशी उपग्रहाधारित रोव्हर किंवा टोटल स्टेशन घेतलेली माणसेच करतात. परंतु कामाचा आवाका पाहिला, म्हणजे ही यंत्रे आपल्याकडे येण्यास फार काळ लागणार नाही, हे स्पष्ट होते. २०१४ च्या मार्चमध्ये देशाची सौर वीजक्षमता तीन हजार मेगावॉटलाही पोहोचलेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये तिने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. २०३० पर्यंत खनिज इंधनाविना पाच लाख मेगावॉट वीजक्षमता उभारण्याचा संकल्प देशाने २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक परिषदेत जाहीर केला आहे. राजस्थानातील भडला, कर्नाटकातील पावगडा, मध्य प्रदेशातील रीवा येथील सौर प्रकल्प उभे राहिले. कच्छच्या रणात खावडा येथे तीस हजार मेगावॉटच्या ऊर्जा उद्यानाची कोनशिला डिसेंबर २०२० मध्ये बसवण्यात आली. तेथील क्षेत्र बहात्तर हजार हेक्टरांहून अधिक आहे. पट्ट्यांवरची धूळ पाण्याविना पुसणारे यंत्रमानव आपल्या वाळवंटी प्रकल्पांत यापूर्वीच कामाला लागले आहेत. पन्नास अंशांकडे झुकणाऱ्या उन्हात दिवसभर खुंट्या ठोकीत हिंडण्याचे कष्ट एखादे यंत्र वाचवणार असेल, तर त्याला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. आयात कोळशा-तेलापासून देशाची सुटका करणाऱ्या कार्याला गती मिळणार असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

स्वागत करताना मात्र एक भेद लक्षात ठेवायला हवा. मोजणी आणि आखणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजणी म्हणजे जमिनीवर जे आहे ते कागदावर आणणे. आखणी म्हणजे कागदावर जे आहे ते जमिनीवर उतरवणे. वर वर्णिलेला यंत्रमानव प्रामुख्याने आखणी करतो. त्याला बांध ठाऊक नसतो, पाणंद ठाऊक नसते, कोणाची विहीर आणि कोणाचे कुळदैवत तेही ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती त्याच्या संगणकात भरलेली यादी. यादी खरी असेल, तर तो सेंटिमीटरभरही न चुकता खरी खूण करील. यादी खोटी असेल, तर तितक्याच अचूकपणे तो अन्यायाची खूण करील. पूर्वी खुंटी ठोकायला आलेल्या माणसाला शेतकरी अडवू शकत होता. 'अहो, ही हद्द येथून नाही, त्या बाभळीपासून आहे' असे सांगू शकत होता. आलेला माणूस कधी ऐके, कधी न ऐके. पण निदान त्याला कान होते. यंत्र वेगाने खुणा करीत निघून गेल्यावर आणि त्यामागोमाग खांब रोवले गेल्यावर शेतकऱ्याने हे सांगायचे कोणाला?

आपल्या परंपरेत मोजणी हे केवळ हिशेबाचे काम कधीच नव्हते. शुल्बसूत्रांतील शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदीच्या रचनेसाठी दोरीने आखणी करण्याचे शास्त्र त्यांत सांगितले आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत राजुक नावाचे अधिकारी भेटतात आणि त्या पदनामाचा संबंध अभ्यासकांनी रज्जूशी, म्हणजे मोजणीच्या दोरीशी जोडला आहे. दोरी हाती असलेल्या अधिकाऱ्याकडे न्यायदानाचेही काम होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्याच्या हाती मोजमाप त्याच्या हाती न्याय, असा तो संकेत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली स्वराज्यात जमीनमोजणी झाली. पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर हे त्या मोजणीचे प्रमाण सभासदाच्या बखरीत नोंदलेले आहे. काठीची लांबी एकदा ठरली, म्हणजे वतनदाराला आपल्या सोयीने ती लांब-आखूड करता येत नाही. रयतेला मिळालेले ते मोठेच संरक्षण होते. आणि गावची जाणती माणसे बरोबर घेऊन जमिनीची प्रत ठरवण्याची रीत त्या व्यवस्थेचा भाग होती. काठी सरकारची आणि साक्ष गावाची, असा तो मेळ होता.

तो मेळ तुटला की काय होते, याचा धडाही याच महाराष्ट्राच्या भूमीवर मिळाला आहे. पेशवाई संपल्यानंतर १८२० च्या दशकात रॉबर्ट प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींची पाहणी केली. त्याने इंग्लंडमधील अर्थशास्त्राचा नवा सिद्धांत प्रमाण मानला. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ५५ टक्के वाटा सरकारने घ्यायचा, असा त्याचा आराखडा होता. हिशेब बारीक होते, तक्ते भरगच्च होते. पण खालून आलेली मोजमापे चुकीची होती आणि उत्पन्नाचे आकडे विश्वासार्ह नव्हते. त्या आकड्यांवर बसवलेला सारा रयतेला पेलेना. इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी सरकारला तो सारा प्रपंच गुंडाळावा लागला आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने आरंभ केला. प्रिंगलच्या गणितात खोट नव्हती. खोट होती ती गणितात भरलेल्या आकड्यांत. आजच्या यंत्रमानवाच्या बाबतीत हाच धोका आहे आणि तो अधिक वेगवान आहे.

हा धोका काल्पनिक नाही. आपल्या सातबाऱ्यामागे जे जुने नकाशे आणि टिपणे आहेत, ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात साखळीने केलेल्या मोजणीची आहेत. ही साखळी तेहतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, हे माप आजही आपल्या तोंडी आहे. म्हणजे गुंठा हा शब्द उच्चारताना आपण नकळत त्या साखळीचीच आठवण जागवीत असतो. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक अंतर. त्यानंतर सहा-सात पिढ्यांत वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, ओढ्यांनी पात्रे बदलली, बांध कोरले गेले, तोंडी अदलाबदली झाल्या. या सर्वांच्या नोंदी वेळच्या वेळी झाल्या, असे कोणीही म्हणू शकणार नाही. आता एका बाजूला फुटांच्या हिशेबाने केलेला आणि दीडशे वर्षे जुना झालेला नकाशा, तर दुसऱ्या बाजूला सेंटिमीटरच्या हिशेबाने चालणारे यंत्र. जुना नकाशा संगणकात चढवला, म्हणून तो सेंटिमीटरइतका खरा होत नाही. त्यावर आखलेली रेघ केवळ ठाम दिसू लागते आणि न्यायालयात व कचेरीत ठाम दिसणाऱ्या रेघेपुढे गरिबाचे तोंडी म्हणणे टिकत नाही.

राजस्थानातील ओरणांचा प्रश्न या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. आपल्याकडे जशी देवराई, तसे मारवाडात ओरण. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेली ही भूमी. तेथे झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, गुरांना चरू द्यायचे, पाण्याचे साठे जपायचे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. ज्या मारवाडात १७३० मध्ये खेजडलीच्या अमृतादेवी यांच्यासह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी खेजडीच्या झाडांसाठी प्राण दिले, त्या भूमीचा हा संस्कार आहे. परंतु जैसलमेर जिल्ह्यातील देगराय ओरणासारख्या ठिकाणी देवीच्या भूमीचा मोठा भाग महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदलेलाच नव्हता. कागदावर ती होती नुसती सरकारी, पडीक जमीन. पडीक जमीन सौर आणि पवन प्रकल्पांना देण्यात काहीच गैर नाही, असे कचेरीत बसलेल्याला वाटणे स्वाभाविक होते. गावकऱ्यांना पदयात्रा काढाव्या लागल्या, न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा पवित्र वनांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन आणि उपग्रहाच्या साह्याने नोंद करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. 'पडीक' हा एक शब्द चुकीचा लिहिला गेला आणि शतकांची श्रद्धा व गुरांची चराई एका फटकाऱ्यात नकाशावरून पुसली गेली. एखादा यंत्रमानव तेथे गेला असता, तर त्याने त्या भूमीत खांबांच्या खुणा न चुकता केल्या असत्या. त्याला दोष कसा देणार?

महाराष्ट्राला तर याहून जवळचे आणि अधिक वेदनादायक उदाहरण ठाऊक आहे. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीजप्रकल्पासाठी जमिनी संपादित झाल्या. तेथे आधी औष्णिक प्रकल्प होणार होता, पुढे सौर प्रकल्प ठरला. धर्मा पाटील या वयोवृद्ध शेतकऱ्याची पाच एकर जमीन त्यात गेली आणि तिचा मोबदला ठरला सुमारे चार लाख रुपये. शेतातील आंब्याच्या झाडांसह जे काही होते त्याचे मूल्यांकन नीट झाले नाही, इतरांना अधिक मोबदला मिळाला, ही त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात त्यांनी आपले जीवन संपवण्याचा प्रयत्न केला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर फेरमूल्यांकनाचा आदेश निघाला. सरकार कोणत्या पक्षाचे होते आणि संपादन कोणाच्या काळात सुरू झाले, हा वाद येथे गौण आहे. शेतातील झाडे मोजण्यासाठी उपग्रह लागत नाही, यंत्रमानव लागत नाही. शेतकऱ्याला शेजारी उभे करून प्रामाणिकपणे नोंद करणारा माणूस लागतो. तो नसेल तर जगातील सर्वांत अचूक यंत्रही त्या शेतकऱ्याच्या कामाचे नाही.

मग मार्ग कोणता? तो शोधण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साह्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू करून ते काम देशभर नेले. या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट ड्रोन ही नव्हे. ड्रोन उडण्यापूर्वी गावात एक काम होते. ग्रामपंचायतीची माणसे, महसूल व मोजणी खात्याचे कर्मचारी आणि घरमालक एकत्र येऊन प्रत्येक मालमत्तेच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. शेजारी शेजाऱ्यासमोर उभा राहतो, हद्द मान्य करतो, रेघ पडते आणि मग आकाशातील यंत्र ती टिपते. नंतर नकाशा गावासमोर ठेवून हरकती घेतल्या जातात. सर्वच ठिकाणी हे निर्दोषपणे पार पडले, असा दावा करण्याची गरज नाही. परंतु क्रम बरोबर आहे. आधी गावाची रेघ, मग यंत्राची खूण. सौर प्रकल्पांच्या आखणीत हाच क्रम बंधनकारक झाला पाहिजे.

महाराष्ट्रात याची निकड मोठी आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्रांच्या आसपासच्या सरकारी आणि खासगी जमिनी भाडेपट्ट्याने घेतल्या जातात. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर ठरवण्यात आला. रात्री-अपरात्री पाण्याची पाळी धरताना साप-विंचवाच्या भीतीत जगणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही योजना वरदान ठरावी अशीच आहे. पण तिच्यातील प्रकल्प एका मोठ्या वाळवंटात नाहीत. ते गावोगावी विखुरलेले, शेताला शेत लागून असलेले आणि कित्येक ठिकाणी गायरानावर आहेत. भाडे हेक्टरावर मिळते, तेव्हा हद्दीच्या प्रत्येक गुंठ्याला पैशाचे मोल येते. गायरानात कोणाची गुरे चरतात, पाणंद कोठून जाते, पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे सातबारा सांगत नाही. ते गुराखी सांगतो, म्हातारी सांगते. पाण्याची वाट अडवून खांब उभे राहिले, तर खालच्या शेताचे नुकसान पुढची पंचवीस वर्षे होत राहील.

यंत्राचा विचार करताना आणखी एका अंगाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. नकाशा कोणाच्या मालकीचा, हा तो प्रश्न. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून देशभर फिरले. लॅम्ब्टनचा अंत १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे झाला. राधानाथ सिकदर यांच्या गणिताने १८५२ मध्ये जगातील सर्वोच्च शिखर निश्चित झाले आणि त्याला नाव मात्र एव्हरेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याचे पडले. कुमाऊंचे नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेले. एकशे आठऐवजी शंभर मण्यांची जपमाळ हाती घेऊन, दर शंभर पावलांना एक मणी ओढीत त्यांनी हिमालयापलीकडची वाट मोजली. दोन हजार पावलांचा एक मैल, इतकी त्यांची चाल नियमित होती. माणसाने स्वतःला यंत्र बनवून घेतल्याचे याहून विलक्षण उदाहरण क्वचितच सापडेल. पण मोजणारी पावले भारतीय होती आणि नकाशा साम्राज्याचा होता. स्वतंत्र भारताने ही चूक नव्या रूपात होऊ देता कामा नये.

यंत्रमानव काम करताना बिंदूंच्या खुणा तर करतोच, शिवाय त्या भूमीचा चढ-उतार, रस्ते आणि रचना यांची सेंटिमीटरपर्यंतची माहिती साठवीत जातो. ही माहिती परदेशी कंपनीच्या संगणकावर जात असेल, तर खावडासारख्या सीमेलगतच्या प्रकल्पात तिचे गांभीर्य सांगण्याची आवश्यकता नाही. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भूस्थानिक माहितीसंबंधी जे धोरण जाहीर केले, त्यात भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीच्या जाचातून मुक्त केले. पण आडव्या अंतरात एक मीटरपेक्षा आणि उंचीत तीन मीटरपेक्षा सूक्ष्म असलेली माहिती भारताबाहेर साठवता येणार नाही, असेही बंधन घातले. यंत्रमानवाची अचूकता या मर्यादेहून कितीतरी सूक्ष्म आहे. तेव्हा नियम आहे, प्रश्न तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा आहे.

दुरुस्तीचे संकेत देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, ही समाधानाची बाब. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर अशा सतत कार्यरत संदर्भ केंद्रांचे जाळे विणले असून महाराष्ट्रात ७७ केंद्रे उभारली आहेत. उपग्रहांच्या बाबतीत मात्र अजून पल्ला गाठायचा आहे. आपल्या नाविक प्रणालीच्या आधीच्या काही उपग्रहांतील आयात केलेली आण्विक घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये स्वदेशी घड्याळ बसले, पण जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ हा उपग्रह अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. अपयशाने खचण्याचे कारण नाही, मात्र ते झाकण्याचेही नाही. आपल्या जमिनीवरील खूण अमेरिकेच्या, रशियाच्या, युरोपच्या किंवा चीनच्या उपग्रहाला विचारून करावी लागते, तोवर हे स्वावलंबन अर्धेच आहे.

राहिला प्रश्न रोजगाराचा. अमेरिकेत यंत्रमानव आला, कारण तेथे माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. यंत्र आणताना त्या देशाची अडचणही आपली मानायची का? पावगड्यात सुमारे तेरा हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेण्यात आली; एकरी वार्षिक २१ हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा करार झाला. जमीनधारकांना दुष्काळी भागात खात्रीचे उत्पन्न मिळाले. परंतु ज्यांची जमीनच नव्हती आणि जे त्या शेतांवर राबत होते, त्यांच्या वाट्याला भाडे आले नाही, शेतातील कामही गेले. प्रकल्पाच्या उभारणीतील चार दिवसांची मजुरी हाच त्यांचा लाभ. आखणीचे काम यंत्राकडे जाणार असेल, तर ते यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा, त्याने केलेली खूण तपासणारा हात तरी त्याच तालुक्यातील असला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सर्वेक्षकाचा अभ्यासक्रम पूर्वीपासून आहे. त्यात या यंत्रांचे शिक्षण घालणे अवघड नाही. गावातील मोजणीची भाषा जाणणारा आणि संगणकाची यादी वाचू शकणारा तरुण हा यापुढच्या काळातील खरा भूकरमापक ठरेल.

या सर्व विवेचनाचा सारांश काही ठोस अपेक्षांत मांडता येईल. प्रकल्पाची आखणी सुरू होण्यापूर्वी जमीनमालक, लगतचे शेतकरी, ग्रामपंचायत आणि मोजणी खाते यांची संयुक्त मोजणी झाली पाहिजे आणि हद्दीच्या रेघा त्यांच्या साक्षीने पडल्या पाहिजेत. झाडे, विहिरी, पाणंदी, ओढे, चराईची जागा, देवस्थान आणि देवराई यांची स्वतंत्र नोंद तयार होऊन ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे. नकाशा मराठीत आणि सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने चावडीवर लावून हरकतींसाठी पुरेसा अवधी दिला पाहिजे. यंत्रात भरली जाणारी बिंदूंची यादी या मान्य नकाशावरूनच निघाली पाहिजे आणि तिची प्रत गावाच्या दप्तरी राहिली पाहिजे. यंत्राने गोळा केलेली माहिती देशातच राहील, ही अट प्रत्येक करारात असली पाहिजे.

शासनाकडून अपेक्षा करताना समाजाने हात बांधून बसणे योग्य नव्हे. ज्या गावात असा प्रकल्प येऊ घातला आहे, तेथील जागरूक कार्यकर्त्यांनी खुणा पडण्याची वाट पाहू नये. गावातील जुनी माणसे अद्याप आहेत, तोवर त्यांच्याबरोबर शिवारात एक फेरी मारावी. कोणता दगड हद्दीचा, कोणते झाड सीमेचे, कोणत्या वाटेने पालखी जाते, कोणत्या माळावर गुरे चरतात, हे सारे लिहून काढावे आणि ग्रामसभेच्या ठरावाने दप्तरी लावावे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, म्हणून त्यांतील कित्येकांची ओळख कागदावर उरली. ते काम विद्वानांपुरते न राहता गावागावाचे झाले पाहिजे. ही एका दिवसाची फेरी पुढच्या पंचवीस वर्षांचे तंटे टाळू शकेल आणि प्रकल्प उभारणाऱ्यालाही त्याचा लाभच होईल. कारण निर्विवाद जमिनीवर काम अडत नाही.

सूर्याची ऊर्जा सर्वांची आहे, ती कोणाच्या मालकीची नाही. तिला धरण्यासाठी लागणारी जमीन मात्र कोणाची तरी आहे. कोणाची शेती, कोणाची चराई, कोणाचे देवस्थान. काठी गेली, साखळी आली. साखळी गेली, उपग्रह आला. उद्या यंत्रमानव येईल. साधने बदलत राहतील आणि ती बदललीच पाहिजेत. मोजणाऱ्याच्या शेजारी गाव साक्षीला उभे असणे, ही एक गोष्ट मात्र बदलता कामा नये.